बाईंच्या तुम्ही कोण लागता?

अध्यक्ष महोदय, ठाण्याहून आलेले बाईंचे भाचे डॅनियलभाऊ, आणि खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून भिंतीला टेकून उभे असलेले माझे गाववाले,

मला बोलायला लावलंत, हे कुणाच्या तरी अंगाशी येणार. आधीच सांगून ठेवतो. आजवर मी दुसऱ्यांच्या हातात माइक दिला. माझ्या हातात तो आला की जड लागतो. त्यातून समोर एस्तेरबाईंचा फोटो. फोटोला एवढा जाड हार. ज्यू लोकांत मयताला फुलं वाहत नाहीत, हे बाईंनी मला जेवता जेवता सांगितलं होतं. वर म्हणाल्या होत्या, "सिद्राम, मी मेले की तुम्ही लोक हार घालणार, मला ठाऊक आहे. तेवढा एक अपमान मी धरूनच चाललेय."

तेवढ्या एकावर भागलं असतं तर मी आज उभा राहिलो नसतो.

जे मला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी. मी सिद्राम. गाव करजगी. बाप मेंढरं राखायचा. आळंदला आलो ते एक जुना भोंगा आणि एक फाटका आवाज घेऊन. आज हे मंगल कार्यालय माझं, वरचे पंखे माझे, तुम्ही बसलाय त्या खुर्च्या माझ्या. तेव्हा मंडळी, थोडा वेळ मला सोसावंच लागेल.

भोंगेवाल्याचं एक बरं असतं. त्याला कुणी माणसांत धरत नाही. तो वायर ओढत असतो आणि स्टेजवरचे मोठे लोक त्याच्या कानाशी काहीही बोलत असतात. मेंढरामागं हिंडलेल्या पोराला कुठल्या मेंढीची घंटी थांबली ते पाठमोऱ्यानं कळतं. तुमचं बोलणं तर त्याहून सोपं. या तालुक्यातली प्रत्येक सभा मी ऐकलीय. तुम्ही माइकवर काय बोललात ते तुम्ही विसरलात. माइकच्या बाजूला काय बोललात ते माझ्याकडं आहे.

आता बाई. आज इथं तीन जण बोलून गेले. तिघांनी बाईंना "साहित्याच्या तपस्विनी" म्हटलं. तपस्विनी! बाईंना पाटवड्या लागायच्या, गुळाचा चहा लागायचा, आणि दर शुक्रवारी संध्याकाळी दिवा लावून झाला की एक पान लागायचं. त्यात कात कमी पडला तर भांडायच्या. कुठली तपस्विनी घेऊन बसलात?

बाई कोकणातल्या. त्यांच्या पूर्वजांचा तेलाचा घाणा. शनिवारी देवानं विश्रांती घेतली म्हणून हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवायचे, तर गावानं नाव पाडलं शनवार तेली. मराठी आपल्या सगळ्यांपेक्षा नेटकी, आणि धर्म असा की आळंदमध्ये एकालाही ओळखू येईना. मराठी शाळेत शिक्षिका म्हणून आल्या आणि खोली शोधायला लागल्या. एका घरमालकाकडं मीच घेऊन गेलो होतो.

"बाई, तुम्ही किरिस्ताव का?"

"नाही."

"मग मुसलमान?"

"नाही."

"मग आमच्यातल्याच म्हणा की."

"घेता का तुमच्यात?"

"घरात इचारून सांगतो," म्हणाला तो. विचारता विचारताच वारला बिचारा.

खोली दिली ती गिरिजाक्कांनी. बस स्टँडामागं त्यांची खानावळ. ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, भरलं वांगं. नवऱ्याचं घर सोडून आलेली बाई. सोडून आलेली. गाव म्हणायचं टाकलेली. दोन्हीत फरक असतो हे पुढं बाईंनीच आम्हाला समजावलं. तर खाली खानावळ आणि माडीवर बाई. असं काही महिने चाललं. मग माडीवरही दोघी आणि खालीही दोघी.

गावानं काही दंगा केला नाही. मला खोटं बोलायचं नाही, गाव आपलं फार समजूतदार. दगड मारला नाही, वाळीत टाकलं नाही. गावानं एवढंच केलं, विचारलं. रोज विचारलं. दळणाला गेल्या की विचारलं, बाजारात विचारलं, जेवून हात धुता धुता विचारलं. "अक्का, त्या वरच्या बाई तुमच्या कोण लागत्यात ओ?" हसून विचारायचं, आणि उत्तर यायच्या आत शेजारच्याकडं बघायचं.

बाईंची नोकरी संस्थेची. संस्थेच्या कानावर गेलं असतं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवलं असतं. तेव्हा अक्कांनी एक उत्तर तयार केलं. तेच कायम. "मी? मी खानावळवाली." कुणीही विचारो. सख्खा भाऊ विचारो. "मी खानावळवाली." इतक्या झटकन म्हणायच्या की पुढच्याला दुसरा प्रश्न सुचायचा नाही. बाईंची पेन्शन सुरू झाली, संस्थेचं भय सरलं, तरी उत्तर तेच राहिलं. पायात मोडलेला काटा जसा मांसातच जुना होतो.

हे लक्षात ठेवा. मला पुढं लागणार आहे.

बाई लिहायच्या ते मी कसं वाचायला लागलो? जेवायला जायचो आणि दिवसभर ऐकलेलं सांगायचो. बाई ऐकत बसायच्या. एक दिवस पुस्तक हातात दिलं आणि बघतो तर माझीच वाक्यं! म्हटलं, "बाई, ही चोरी हाय." म्हणाल्या, "तू लोकांची चोरून ऐकतोस, मी तुझी चोरून लिहिते. फिर्याद कुणी कुणाविरुद्ध करायची?"

'शनवारची तेलीण' ही त्यांची कादंबरी. घाण्यावरची ज्यू पोरगी आणि समोरच्या आडतवाल्याची सून. सहा दिवस घाणा फिरतोय, बैल फिरतोय, दोघींना मान वर करायला सवड नाही. शनिवारी मात्र सगळं बंद. आणि शनिवारी दोघी परसात बसायच्या. बाईंनी त्यात लिहिलंय, आठवड्यातून एक दिवस देवानंच काम थांबवलं, तर त्या दिवशी माणसानं प्रेमाशिवाय करायचं काय? मी भोंगेवाला माणूस, पण ते पान मी दोनदा वाचलं.

आता कडगंचीला विद्यापीठात शिकणारी पोरं याला क्विअर साहित्य म्हणतात. मी शब्द घोकून आलोय. बाईंना विचारलं होतं, हा शब्द कसा वाटतो तुम्हाला? म्हणाल्या, "चांगला आहे. धाडसाचा आहे. पण गिरिजाला चहा मागताना उपयोगी पडत नाही."

माझ्या अडाणी बुद्धीला बाईंचं मोठेपण कुठं दिसतं, सांगू? त्यांच्या आधी आपल्याकडं अशा दोन बायकांची गोष्ट कशी संपायची? एक विहिरीत, एक वेड्यांच्या इस्पितळात. नाहीतर शेवटच्या पानावर एकीचं लग्न, आणि लेखकाचा जीव भांड्यात. बाईंच्या गोष्टीतल्या बायका मरत नाहीत हो. मिठावरून भांडतात. एकीचे गुडघे दुखतात, दुसरी तेल लावता लावता शिव्या घालते. एकीचं पूजेचं ताट वेगळं, दुसरीचा शुक्रवारचा दिवा वेगळा, आणि काडेपेटी एकच. आणि त्या बोलतात आपल्यासारखं, कामून, न्हाई, व्हय करत. मराठीत अशा बायकांना घर मिळालं ते बाईंच्या पुस्तकात. पत्ता असलेलं, चूल असलेलं घर.

एका मोठ्या शहरातल्या मोठ्या समीक्षकांनी लिहिलं, या कथांत संघर्ष नाही, शोकांत नाही, त्यामुळं खोली येत नाही. बाई हसल्या. म्हणाल्या, "त्यांना मढं पाहिजे, सिद्राम. मढं दिसलं की त्यांना साहित्य दिसतं."

तर मंडळी, आता मिळालं. म्हणून तर आज एवढी गर्दी.

हसू नका. बाई जिवंत असताना याच तालुक्यात त्यांच्या पुस्तकाची सभा झाली होती. भोंगा माझाच. बारा माणसं आली असतील, त्यातली निम्मी माझ्या ओळखीची. त्या सभेचे प्रमुख पाहुणे आज पहिल्या रांगेत बसलेत. नाव घेत नाही, त्यांच्या रुमालावरून ओळखा, आत्ता तोंड पुसायलेत. त्यांनी माइकवर म्हटलं, "बाईंची भाषा लोण्यासारखी आहे." मग खाली बसले आणि शेजारच्याच्या कानात म्हणाले, "हिला येळेवर नवरा मिळाला असता तर हे असलं काई सुचलं नसतं बगा." सर, समोरचा माइक चालू होता. बस स्टँडावर बीदरची गाडी लागली होती, तिच्यातल्या लोकांनीसुद्धा ऐकलं.

बाई उठल्या. म्हणाल्या, "नवरा मिळाला असता तरी मी हेच लिहिलं असतं सर. फक्त मग तुम्हाला ते कल्पनाशक्ती वाटलं असतं."

टाळी एकानंच वाजवली, माझ्या पोरांनी लावलेल्या पडद्यामागनं. नंतर कळलं, अक्का होत्या. भाकरीच्या पिठाचे हात घेऊन आल्या होत्या.

आणि पोरी यायच्या. याची बातमी तुम्हाला नाही. लातूरकडनं, उदगीरकडनं, सोलापूरकडनं. बाईंचं पुस्तक पिशवीत तळाला, वर कपडे. एसटीतून उतरायच्या आणि खानावळीच्या दारात नुसत्या उभ्या राहायच्या. मी तिथं जेवत असायचो. अक्का एका नजरेत ओळखायच्या.

"बस. आधी जेव. मग रड. उपाशी पोटी रडलं की पित्त होतंय."

बाई माडीवरनं खाली यायच्या. "नाव सांगू नकोस हं. सांगितलंस तर मी गोष्टीत घालीन."

एकदा एक पोरगी आली, उदगीरच्या बाजूची. घरच्यांनी लग्न ठरवलेलं. भाकरी तशीच धरून बसली होती. म्हणाली, "बाई, खरं सांगा. पुस्तकातलं सोडा. आपल्यासारख्या बायकांचं शेवटी काय होतंय?"

तेवढ्यात दारात अक्का वांगीवाल्याशी भांडायला लागल्या. "असली किडकी वांगी तुझ्या सासूला घाल जा! गिऱ्हाईकांना माझ्या मारायलास व्हय?"

बाईंनी बोट दाखवलं. "हे असं होतं."

ती पोरगी हसली. मग तिनं भाकरी मोडली. पुढं तिचं काय झालं मला ठाऊक नाही. पण त्या दिवशी ती जेवली.

... काय आहे हे? चिठ्ठी आलीय अध्यक्षांची. "आवरते घ्या." घेतो ना. आवरायलाच उभा राहिलोय, सर.

गेल्या आठवड्यात सकाळी बाईंच्या छातीत दुखायला लागलं. माझ्या गाडीत घातलं, मागं अक्का मांडीवर डोकं घेऊन. कलबुर्गीच्या दवाखान्यात नेलं. कुठला ते सांगत नाही, तुमच्या माझ्या सगळ्यांचेच तिथं कुणी ना कुणी गेलेत. बाईंना आत घेतलं. दारात नर्स. कागद हातात, डोळे कागदावर.

"पेशंटच्या तुम्ही कोण लागता?"

मी मागं पिशवी धरून उभा. माझे कान तुम्हाला सांगितलेच. अक्का म्हणाल्या,

"मी? मी खानावळवाली."

झटकन. जसं रोज तुम्हाला सांगायच्या, तसंच.

"नातेवाईक कोण आहे?"

"भाचा हाय. ठाण्याला."

"मग तुम्ही खाली बसा. जवळचं कुणी आलं की सोडू."

दार लागलं. मी म्हटलं, "अक्का, अवं बहीण तरी म्हणायचं! कामून म्हणालाव न्हाई?"

म्हणाल्या, "बहीण न्हाई ती माजी."

"मग खरं सांगायचं!"

"खरंच सांगायला तोंड उगडलं, सिद्रामअण्णा. दुसरंच निगालं."

मग पुन्हा दारावर गेल्या. नर्सला म्हणाल्या, "बाई, मी घरची हाय त्यांच्या. एकाच घरात ऱ्हातो." नर्स म्हणाली, "आत्ताच तर खानावळवाली म्हणालात. आत सोडा म्हटलं की सगळेच घरचे होतात." त्या नर्सला मी दोष देत नाही. तिनं कागदावर तेच लिहिलं जे ऐकलं. ऐकवलं कुणी? अक्कांनी. अक्कांना शिकवलं कुणी?

इकडं तिकडं बघू नका. पंखा माझा आहे, त्याच्यावर काही लिहिलेलं नाही.

दवाखान्यातनं डॅनियलभाऊंना फोन गेला. बाहेर एक बाई आहेत, सोडायच्या का, म्हणून विचारलं. डॅनियलभाऊ गाडीत होते, गोंधळलेले होते. म्हणाले, "मी येतोय. तोवर कुणालाच सोडू नका." मी म्हणत नाही चुकलं. काळजीनंच म्हणाले. त्यांनाही त्या कोण, हे कुणी कधी धड सांगितलं नव्हतं.

बाई दुपारी गेल्या. आतली आया बाहेर आली आणि मला म्हणाली, "पावणं, ती गिरिजा म्हणून पोरगी आली न्हाई का ओ? पेशंट सारखं हाका मारायलत्या." अक्का जिन्याखालच्या बाकावर बसल्या होत्या. एका मजल्याचं अंतर.

मी आयेला काय सांगायचं होतं? तुम्ही सांगा. इतकी शिकलेली माणसं बसलीत.

पुढं माती. आपल्याकडं ज्यू लोकांची जागा नाही. मादन हिप्परग्याला अक्कांच्या भावाचं शेत. मल्लण्णा इथं बसलेत. मल्लण्णा मोठ्या मनानं म्हणाले, एवढी मोठी लेखिका, आमच्या शेतात आली तर आमचाच मान. गावच्या पोरांनी उन्हात खड्डा काढला. कसा काढला? आपल्या लिंगायत रीतीनं. चौकोनी, खोल, आत बसवायला कोनाडा. मनापासून काढला हो. बसवून माती देणं हा त्यांचा सर्वांत मोठा मान, तोच त्यांनी बाईंना देऊ केला. डॅनियलभाऊ म्हणत होते, "लांब हवा, आडवा, आमच्यात झोपवतात." पण भाऊ, तुमची ठाण्याची मराठी, आणि डोक्याला ऊन. पोरं एकमेकांत म्हणाली, पावण्याला रीत ठाऊक न्हाई, लाजायलाय.

बायकांना बांधावर उभं केलं होतं. अक्काही तिथंच. भावानं सांगितलं होतं, तू हितंच ऱ्हा. बाईंना उचललं, पांढऱ्या कापडात. खाली बसवायला घेतलं, पाय मुडपायला लागले. तेव्हा बांधावरनं ओरड आली.

"आडवं! आडवं झोपू द्या तिला! ती बसून झोपत न्हाई!"

सगळे थांबले. आणि गर्दीतनं एक आवाज आला. हळू. पण माझ्या कानाला पुरला. "हिला काय ठाऊक, ती कशी झोपती ते?"

आणि हसले. तीन चार जण हसले. मातीच्या कडेला, मयत हातात असताना.

अक्कांनी पदर तोंडात कोंबला. खड्डा लांब केला, बाईंना आडवं ठेवलं. डॅनियलभाऊंनी एकट्यानं प्रार्थना म्हटली. त्यांच्यात त्या प्रार्थनेला दहा पुरुष लागतात म्हणे. तिथं पुरुष शंभर होते. तीन चार हसायला रिकामे होते.

ते हसू इथं आहे. मी आल्या आल्या ओळखलं. घाबरू नका, नाव घेणार नाही. पण इथून पुढं माझ्यासमोर हसताना जरा जपून.

आता शेवटचं, आणि यासाठीच मी उभा आहे. माझ्यानंतर सेक्रेटरी शोकठराव वाचतील. शोकठरावाची रीत तुम्हाला ठाऊक आहे. सभेनं उभं राहून संमत करायचा आणि प्रत घरच्या माणसाच्या हातात द्यायची. हा ठराव काल माझ्याच ऑफिसात लिहिला. मी शेजारच्या खोलीत बिलं बघत होतो. असं बोलणं चाललं होतं.

"गिरिजाबाईंचं काय लिहायचं?"

"मैत्रीण लिहा."

"नको. मैत्रीण म्हटलं की लोक काय काय काढतील."

"मग शेजारीण?"

"एकाच घरात शेजारीण कशी होईल?"

"भाडेकरू?"

"अवो घर तिचं! भाडेकरू या होत्या."

खूप हसणं झालं. शेवटी लिहिलं काय? "आजन्म अविवाहित राहून त्यांनी साहित्यसेवा केली. त्यांच्या जेवणाखाणाची व्यवस्था पाहणाऱ्या श्रीमती गिरिजाबाई यांचेही सभा आभार मानते." आभार! नवऱ्याच्या शोकसभेत बायकोचे आभार मानलेले कधी ऐकलेत? वेळेवर डबा दिला म्हणून?

आणि माझं ऐका. आज सकाळी मी मागच्या बाजूनं आलो. कार्यालयाच्या भटारखान्यात शेगडी पेटलेली. शेगडीपुढं अक्का. आजच्या सभेच्या चहाची ऑर्डर समितीनं खानावळीला दिलीय. नेहमीचीच जागा म्हणून. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, मला खात्री आहे. मनातच काही नव्हतं.

मंडळी, आपल्यात ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरात चूल पेटत नाही. शेजारी भाकरी आणतात, बळंच घास भरवतात. बाईंच्या धर्मातही तेच, मला त्यांनी सांगितलेलं. सुतकातलं माणूस जमिनीवर बसतं आणि गाव त्याला खायला घालतं. ठाण्यापासून आळंदपर्यंत, तेल्यापासून मेंढरवाल्यापर्यंत सगळ्यांचं ज्याच्यावर एकमत आहे अशी ही एकच गोष्ट. आणि आपण तिच्याकडनं तिच्याच माणसाच्या मयताचा चहा करून घ्यायलोय.

मी म्हटलं, "अक्का, हे काय? न्हाई म्हणायचं होतं."

म्हणाल्या, "न्हाई म्हटलं की इचारतील, कामून न्हाई? मग काय सांगू?"

मी शेगडी बंद करायला गेलो. त्यांनी हात धरला माझा. "ऱ्हाऊ द्या अण्णा. हितं दारात उभं ऱ्हाऊन ऐकाया येतंय. नुसतं ऐकाया आले म्हटलं असतं तर कुठं बसवलं असतं मला?"

म्हणून त्या आत्ता तिथं आहेत. भटारखान्याच्या दारात. तुमच्या पाठीमागं. मघापासून सगळं ऐकतायत. तपस्विनी वगैरे.

माझी सूचना साधी आहे. ठरावातलं ते आभाराचं वाक्य काढा. त्या जागी लिहा, एस्तेरबाईंचा संसार गिरिजाक्कांशी झाला, आणि ही सभा गिरिजाक्कांच्या दुःखात सहभागी आहे. आणि प्रत त्यांच्या हातात द्या. कुणाची हरकत असेल तर इथं येऊन माइकवर सांगावी. माइकच्या बाजूला नको.

... डॅनियलभाऊ? तुम्ही कामून उठलात? बोला. जोरात बोला, मागं ऐकू जात नाही.

ते म्हणतायत, लहानपणी सुट्टीत यायचो तेव्हा दोघींनाही आत्याच म्हणायचो. मोठा झालो तशी एक सुटली. ... ते म्हणतायत, प्रत मला नको.

जा. जा भाऊ, त्या दारात. अहो, वाट द्या त्यांना. पाय घ्या.

मंडळी, मागं बघू नका असं मी म्हणणार नाही. बघा. इतकी वर्षं चोरून बघितलंत, आज सरळ बघा.

... काय म्हणतायत अक्का? ... बरं. ... बरं.

अक्का पुढं येत नाहीत म्हणतायत. चहा उतू जाईल म्हणतायत.

ऐकलंत? आपण एवढं पक्कं शिकवलंय. आपण विसरा म्हटलं तरी आता विसरलं जायचं नाही ते. सभेत दोन वाक्यं बोलून हे फिटणार नाही, आणि मीही आज काही मोठं केलं असं समजून घरी जाणार नाही.

ओढून आणू नका, डॅनियलभाऊ. हात सोडा त्यांचा. फोटोजवळची ही खुर्ची राहू द्या रिकामी. त्यांना यायचं नसेल तर आपण फिरू.

सेक्रेटरी, ठराव नंतर. आधी श्रद्धांजली. मंडळी, उठा. आणि उठलात की वळा. फोटोकडं पाठ झाली तरी चालेल, बाई रागवायच्या नाहीत. भटारखान्याच्या दाराकडं तोंड करा. पहिली रांगसुद्धा. सर, तुम्हीसुद्धा. मल्लण्णा, तुमची बहीण आहे, नीट उभं राहा.

कुणी हात जोडा, कुणी जोडू नका. पण मान खाली घालू नका. त्यांच्याकडं बघत उभे राहा, दोन मिनिटं.

आणि अक्का, तुम्ही ती शेगडी बंद करा. आज चहा कुणी पिणार नाही.